जाते म्हणून गेली

॥ श्री ॥

कोरेगाव,
दि. १२ जानेवारी २०२५

चि. सौ. अंकिता हिस,

आशीर्वाद. 'अनेक उत्तम' लिहिलेलं नाही. तुझे आजोबा प्रत्येक पत्रात मला अनेक उत्तम आशीर्वाद पाठवायचे, त्यातला एकही माझ्या फौजेतल्या बढतीला उपयोगी पडला नाही. मी एकच पाठवतो आहे, तो जपून वापर.

फोन का करत नाही म्हणून रागावू नकोस. कानातलं यंत्र फोनजवळ नेलं की शिट्टी मारतं, आणि काढून ठेवलं तर तुझा नुसता हॅलो ऐकू येतो. शिवाय फोनवर माणसं 'ठेवतो' म्हणतात आणि अर्धा तास ठेवत नाहीत. कागद बरा.

पत्रास कारण तुझी आई. ती तुझ्याकडे चार दिवस म्हणून आली. चाराचे किती झाले ते तुलाही मोजता येतं. तिचा परत येण्याचा दिवस कोणता, ते विचारून कळव. मी विचारलं की ती बरी आहे म्हणते आणि पुढे शिट्टी.

घडलं ते जसंच्या तसं सांगतो. आपल्या सोसायटीचे चेअरमन नाथाजी वारले. लोक म्हणतात देवाघरी गेले. मला तो पत्ता माहीत नाही. शोकसभेच्या फ्लेक्सवर 'दुःखद निधन' छापलं होतं, म्हणून मी छापणाऱ्याला विचारलं की सुखद निधनाचा रेट वेगळा असतो का. मग एक वक्ते म्हणाले की कधीही भरून न येणारी पोकळी निर्माण झाली आहे. मी उभा राहिलो आणि सांगितलं की ती पोकळी भरायची निवडणूक सोमवारीच आहे, आणि फॉर्म भरलेले दोघेही पुढच्या रांगेत बसून रडत आहेत. यात काय चुकलं? तुझी आई बायकांत बसली होती. तिने पदर जो पुढे ओढला तो घरी येईपर्यंत मागे घेतला नाही.

त्याच आठवड्यात भांडी घासताना तिची बांगडी फुटली. 'वाढवली' म्हणाली. मी म्हटलं, हातातली एक कमी झाली, वाढली कुठे? आपला रहिमान टेलरसुद्धा रोज संध्याकाळी शटर ओढताना दुकान वाढवतो म्हणतो. असं रोज वाढत गेलं असतं तर ते आता साताऱ्याला पोचायला हवं होतं. तुझी आई काही बोलली नाही. मला वाटलं पटलं.

मग तुझ्याकडे यायला निघाली त्या सकाळी ती पिशवी घेऊन उंबऱ्यात उभी राहिली आणि म्हणाली, येते हं. मी म्हटलं, तू सांगलीला चालली आहेस, मग येते कशी? जाते म्हण. तिने माझ्याकडे बघितलं, चप्पल घातली, बरं, जाते, म्हणाली आणि गेली. खरं सांगतो, मला समाधान वाटलं. एवढ्या संसारात पहिल्यांदा कोणीतरी बरोबर रिपोर्ट दिला होता.

आता गल्लीतले विचारतात, वहिनी कवा येणार? मी आहे ते सांगतो, की ठाऊक नाही, जाते म्हणून गेली. शेजारच्या चंद्राबाईने हे ऐकून तोंडावर हातच ठेवला. तेव्हापासून ती दोन वेळा भाकरी आणून देते आणि माझ्याकडे मयताकडे बघावं तसं बघते.

वीरधवलरावांना नमस्कार. शेवटी 'कळावे' लिहायची पद्धत आहे. कळलं असेलच. नसेल तर पुन्हा वाच.

तुझे आबा,
नानासो

*

सांगली,
दि. १८ जानेवारी २०२५

ती. आबांस,

शि. सा. न. वि. वि. साष्टांग घातलेला नाही, हे आधीच कबूल करते. दातांच्या दवाखान्याच्या काउंटरवर बसून लिहिते आहे. इथे आठ अंगं जमिनीला टेकवली तर लोक मला उचलून डॉक्टरांच्या खुर्चीत ठेवतील आणि एखादी दाढ जाईल.

तुमचं पत्र आईला वाचून दाखवलं. पोकळीपाशी तिचा ओठ जरा हलला. बांगडीपाशी तिने हातातली शेंग खाली ठेवली. मी वाचत उंबऱ्यापर्यंत आले तर ती उठून गच्चीत गेली आणि वाळलेले कपडे पुन्हा झटकायला लागली.

आबा, तुमची खोड माझ्यातही आहे. लग्नपत्रिकेत खाली 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' असं चिमुकल्यांच्या नावाने छापलेलं असतं ना, ते वाचलं की मी त्या चिमुकल्यांची वयं काढत बसते. त्यातलं एक अजून बोलायलाही लागलेलं नसतं. पण मी हे मनात ठेवते, तुम्ही सभेत उभं राहून सांगता. आणि माझी नोकरीच खोटं बोलायची आहे. डॉक्टर घरी जेवत असतात तेव्हा मी बाहेरच्यांना सांगते, पाच मिनिटांत येतील. डॉक्टर येऊन सुई हातात घेतात आणि सांगतात, मुंगी चावल्यासारखं वाटेल. तसली मुंगी मी अजून पाहिलेली नाही. पण त्यांनी खरं सांगितलं तर सांगलीत कोणी तोंड उघडायचं नाही.

तुम्हाला शब्द तेवढा दिसतो, माणूस दिसत नाही. माझ्या सासऱ्यांनी घर आपलंच समजा म्हटलं, तर तुम्ही त्यांच्या बैठकीतलं बंद घड्याळ उतरवून पिशवीत घातलंत, दुरुस्तीला. दिवाळीपर्यंत त्या भिंतीवर नुसता गोल डाग होता. सासूबाई अजून पाहुण्यांना तो डाग कुठे होता ते दाखवतात.

आता चेष्टा पुरे. काल भाजी निवडताना मी आईला विचारलं की एका बांगडीवरून एवढं काय.  ती म्हणाली की तुझा बाप बॉर्डरवर हुता तवा आपल्या घरात कुणी दिवा विझव असं म्हणायचं न्हाई. कुंकू संपलं म्हणायचं न्हाई. बांगडी फुटली तर फुटली म्हणायचं न्हाई. ती म्हणाली, मी काय येडी न्हवते, बांगडी वाढत न्हाई हे मला बी कळतंय. पण तिकडं गोळ्या सुटत हुत्या आणि हितं माझ्या हातात तोंड सांभाळायचं एवढंच हुतं. ते मी सांभाळलं. आणि ज्याच्यासाठी सांभाळलं त्यानंच दारात उभं राहून मला जाते म्हणायला लावलं. मग मी गेले.

 यावर तुम्ही वाद घालू नका. इकडे या आणि तिला घेऊन जा. रागावून घराबाहेर पडलेली बाई आपली आपण परत येत नसते, तिला न्यायला यावं लागतं. ही पद्धत मी पाडलेली नाही, त्यामुळे तिचा अर्थ मला विचारू नका.

वीरधवलचा नमस्कार. तब्येतीची काळजी घ्या असं लिहिणार होते, पण कशी घ्यायची असं विचाराल, म्हणून लिहिते की रात्रीची गोळी जेवणानंतर घ्या आणि दुधावर साय धरली तर ती फेकू नका.

तुमची,
अंकिता

*

कोरेगाव,
दि. २५ जानेवारी २०२५

चि. अंकिता हिस,

आशीर्वाद, मागचाच. अजून चालेल.

तुझं पत्र पोचलं. आईचं म्हणणं पुन्हा पुन्हा वाचलं. त्यावर काय लिहावं ते सुचत नाही, म्हणून आधी दुसरं लिहितो.

मी असा का, हे तू विचारलं नाहीस तरी सांगतो. तोफखान्यात 'थोडं' हा शब्द नसतो. आकडा सांगायचा. एकदा सरावाच्या वेळी वायरलेसवरच्या एका नव्या जवानाने आकड्याऐवजी 'थोडं अलीकडे' असं सांगितलं. गोळा थोडा अलीकडे पडला, आणि माझा डावा कान थोडा पलीकडे गेला. बाकी सगळे वाचलो. देवाची कृपा म्हणतात. मी म्हणतो, पावसाने मऊ झालेल्या जमिनीची. तेव्हापासून कोणी मोघम बोललं की उरलेला कान टवकारतो. तुम्ही त्याला खोड म्हणता.

न्यायला या म्हणतेस. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. माझी पासष्टी अजून यायची आहे, मला पूर्ण. रस्ता तोच, कराडला गाडी बदलायची तीच, आणि तुझ्या आईला तो माझ्यापेक्षा चांगला माहीत आहे. मग माझी तिथे ड्युटी काय? शिवाय जावयाच्या दारात उभं राहून बायको परत मागायची, हे कुठल्याच ड्रिलमध्ये शिकवलेलं नाही.

इकडे मात्र जरा गडबड झाली आहे. 'जाते म्हणून गेली' हे चंद्राबाईने गल्लीत सांगितलं आणि गल्लीने बाजारात नेलं. परवा तुझा मामा जयराज म्हसवडहून मोटरसायकलवर आला, पाणीसुद्धा न पिता उभा राहिला आणि कागद झाले का म्हणून विचारू लागला. मी म्हटलं, कसले कागद, तिने स्वेटरसुद्धा नेलेला नाही. लोक खोटं बोलतात हे मला ठाऊक होतं. त्यांना खरं सांगितलं तर ते त्याचं काय करतात, हे आता बघतो आहे.

काल रहिमानकडे बसलो होतो. त्याने हातातलं काम थांबवलं आणि चष्म्यावरून बघत म्हणाला की गड्या, तू लय खरा हायस, समदं कोरेगाव मानतंय. पन शटर खाली आलं तरी मी दुकान बंद झालं म्हनत न्हाई, कारन सकाळी उघडायचं असतंय. एवढं म्हणून त्याने पुन्हा मशीन चालू केलं. मी उठून घरी आलो. घरी कोणी नव्हतं.

आईच्या म्हणण्यावर लिहायचं राहिलं. ती घरात असं बोलत होती हे मला माहीत नव्हतं. मी तिकडे होतो.

तिचा स्वेटर कुरियरने पाठवू का, ते विचारून कळव. तिला पहाटे शिंका येतात.

तुझे आबा,
नानासो

*

सांगली,
दि. ३१ जानेवारी २०२५

ती. आबांस,

सा. न. वि. वि. स्वेटर कुरियरने पाठवू नका. तुमच्या कुरियरवाल्यापेक्षा तुम्ही बरे दिसता.

या वेळी चेष्टा करायला पत्र लिहीत नाही. आई रुसलेली होती तोवर मला काळजी नव्हती. रुसलेलं माणूस दाराकडे बघत असतं. आता ती दाराकडे बघायची थांबली आहे. आमच्या समोरच्या दारात जीनत राहते, ती घरी ड्रेस शिवते. आई तिला काजबटणं करून देते. संध्याकाळी दोघी कृष्णेच्या घाटावर फिरायला जातात, भडंग खातात, आणि आई एवढ्या मोठ्याने हसते की मी खालच्या जिन्यापासून ओळखते. कोरेगावात मी तिला असं हसताना ऐकलेलं नाही. जयराजमामाचं आणि सोडचिठ्ठीच्या कागदांचं वाचून दाखवलं तेव्हाही ती हसली. मला मात्र हसू आलं नाही.

परवा तिने घरात घालायची नवी चप्पल आणली. चार दिवसांसाठी आलेलं माणूस घरातली चप्पल विकत घेत नाही, आबा.

तुमच्या पद्धतीने रिपोर्ट देते. आई परत येईल याची मला खात्री नाही. 'थोडी' आहे, असंही नव्हे. अजिबात नाही. आता यात मोघम काही उरलेलं नाही, पुढचं तुम्ही बघा.

मला तुम्ही दोघं एका घरात हवे आहात. हेही जसंच्या तसं वाचा.

तुमची,
अंकिता

*

कोरेगाव,
दि. ११ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. अंकिता हिला आईचा आशीर्वाद.

त्या दिवशी तुम्ही दोघं कामावरून आलात तर दाराला कुलूप, किल्ली जीनतकडे, आणि आई गायब. फोनवर मी नुसतं पोचलो म्हणाले. तू चिडली असशील. बाकीचं फोनवर सांगता येईना, कारण तुझे आबा शेजारीच बसलेले असतात, आणि एरवी बहिरा असलेला माणूस अशा वेळी बरोबर ऐकतो. म्हणून लिहिते. अक्षर लावून घे.

मी आणि जीनत काजं करत बसलो होतो. दार वाजलं, बघते तर हे. कडक इस्त्रीचा सदरा, मिशीला कलप, थोडा कलप गालालाही लागलेला. हातात स्वेटर. म्हणाले, स्वेटर द्यायला आलो. तो स्वेटर माझा नव्हता, त्यांचाच होता, पलटणीतला. मी घेतला. चहा घेणार का विचारलं, तर घेणार म्हणाले. त्यांचं आपलं लोकांसारखं नको-नको नसतं. चहा झाला. स्वेटर देऊन झाला होता, चहा पिऊन झाला होता, आता उठायला हवं होतं, पण उठेनात. जीनत बिचारी आपल्या घरी निघाली तर तिलाही बसा म्हणाले.

मग जमिनीकडे बघत बोलले. म्हणाले की मला तिथं करमत न्हाई. भाकरी चंद्राबाई देतीया, दूध मी तापवतोय, अडत काय न्हाई. पन करमत न्हाई. एवढंच बोलले.

अंकिता, दुसऱ्या कोणाच्या नवऱ्याने हे म्हटलं असतं तर मी म्हटलं असतं, बोलायची रीत आहे, बोलतात. ह्या माणसाने जन्मात एक शब्द रीतीखातर काढलेला नाही. नाथाजींच्या शोकसभेतसुद्धा नाही. ते करमत नाही म्हणाले म्हणजे करमत नाही. मला रडू आलं, आणि रागही आला, कारण ज्या खोडीपायी मी घर सोडलं त्याच खोडीने मला उठवलं. मी तशीच उभी राहिले तर जीनतने मला न विचारता माझी पिशवी भरायला घेतली. नवी चप्पल तुझ्याकडेच राहिली आहे. ती तू घाल.

एसटीत पाय ठेवायला जागा नव्हती. कंडक्टर ओरडत होता, मागं सरका, मागं लय जागा हाय. आबांनी वळून मागे बघितलं, तोंड उघडलं, मग माझ्याकडे बघितलं आणि मिटलं. कराडपर्यंत मिटलेलंच होतं. मला त्यांची कीव आली. पण सुधारले असं समजू नकोस. घरी पोचलो तर चंद्राबाई धावत आली आणि म्हणाली, वहिनी, तुमी न्हवता तर गल्ली लय सुनी झाली हुती. लगेच हे म्हणाले की गल्लीत एवढा गलका आजवर कधी झाला नव्हता. चंद्राबाईने भाकरीचं टोपलं उचललं आणि गेली.

काल दुपारी मी लसूण सोलत होते. हे समोर येऊन बसले. थोड्या वेळाने यंत्र कानात नीट बसवलं, कान पुढे केला आणि विचारलं की मी आलो नसतो तर तू आली असतीस का. तोंडावर हसू नव्हतं. मी म्हटलं, व्हय तर, येणारच हुते की त्याच आठवड्यात. त्यांनी यंत्र काढलं, लय बरं म्हणाले आणि उसाला पाणी धरायला गेले. शीळ घालत होते. त्यांना शीळ येत नाही.

आता तुझ्याकडे एक काम आहे. तुमच्या मागच्या गल्लीत जीनतच्या ओळखीच्या एक बाई आहेत, त्यांची एक खोली रिकामी आहे. मी पुढच्या एक तारखेपासून तिथे राहणार होते. त्यांना तसा शब्द दिला होता, शेगडीही बघून ठेवली होती. तुला सांगायचं धाडस झालं नाही. त्या बाईंना भेट आणि खोली दुसऱ्या कोणाला द्या म्हणून सांग. आणि हे आबांच्या कानावर कधीही जाऊ देऊ नकोस. खरं ऐकायची त्यांना सवय आहे, असं त्यांनाच वाटतं.

लोभ आहेच, म्हणून असावा असं लिहीत नाही.

तुझी आई,
राहीबाई